अडकलेल्या सुईचं संगीत

१९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल रेल्वे आगारात पिएर शेफर नावाचा रेडिओ इंजिनिअर ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन गेला. वाफेच्या इंजिनांचे फुत्कार, शिट्ट्या, रुळांच्या जोडांवरून जाणाऱ्या चाकांचा खडखडाट असं सगळं त्याने टिपून आणलं. तेव्हा त्याच्या हाताशी टेप नव्हती; ध्वनिमुद्रण थेट तबकडीवर, सुईने खाच कोरून व्हायचं. तबकडीवरची खाच डास पळवायच्या कॉइलसारखी असते, बाहेरून आत वळत जाणारी एकच लांबलचक वाट. शेफरने ती वाट मध्येच मिटवली. एका फेऱ्याचं टोक त्याच फेऱ्याच्या सुरुवातीला नेऊन जोडलं. आता सुईला आत सरकायला जागाच उरली नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी जेमतेम पाऊण सेकंद लागतो. पाऊण सेकंदाचा खडखडाट, पुन्हा तोच, पुन्हा तोच.

रेकॉर्ड अडकली की आपण उठून सुई पुढे सरकवतो. शेफर ऐकत बसला, आणि त्याला काहीतरी विलक्षण सापडलं. पहिल्या काही फेऱ्यांत ती रेल्वे असते. मग रेल्वे विरत जाते. हा आवाज कशाचा, हे विचारायचं कान सोडून देतो आणि त्या आवाजातला चढउतार, खरखर, वजन, ठेका चाचपू लागतो. शेफरने आणखी एक प्रयोग केला. घंटेवर टोल पडतो तो पहिला क्षण त्याने काढून टाकला आणि मागचा निनाद तेवढा ऐकला. घंटा ओळखू येईना. एखादं फुंकवाद्य वाजावं तसा तो स्वर झाला. आपण वाद्य ओळखतो ते किती तरी अंशी त्या पहिल्या निमिषावरून! ५ ऑक्टोबर १९४८ला फ्रेंच रेडिओने शेफरच्या या आवाजांच्या रचना प्रसारित केल्या. त्यातली रेल्वेची रचना सुमारे तीन मिनिटांची आहे आणि आजही सहज ऐकायला मिळते. रुळांचे जोड आता वितळवून एकसंध केले जातात, त्यामुळे तो खडखडाट जगभरच कमी होत चालला आहे. पण तो शेफरच्या रचनेत शाबूत आहे.

प्रायोगिक, इंडस्ट्रियल, सायकेडेलिक अशी नावं देऊन दुकानदार ज्या अल्बमांचे वेगवेगळे कप्पे करतात, त्या सगळ्यांकडे मी या मिटलेल्या खाचेतून बघतो. त्यांचे पोशाख निराळे, हेतू निराळे, काळ निराळे. पण आवाजाला फेऱ्यात घालायचं आणि ऐकणाऱ्याचा कान बदलेपर्यंत थांबायचं, ही त्यांची मूळ कृती एकच आहे.

कान खरोखर बदलतो का? १९९५ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच आपल्याच आवाजातलं निवेदन संपादित करत होत्या. त्यातला काही शब्दांचा एक तुकडा त्यांनी पुन्हा पुन्हा वाजता ठेवला आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. थोड्या वेळाने त्यांना वाटलं, कुणी अनोळखी बाई गाते आहे. तो त्यांचाच आवाज होता. त्या बोलल्या होत्या, गायल्या नव्हत्या. मुद्रणात तसूभरही फरक झालेला नव्हता. याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. असा तुकडा पुरेसा ऐकून झाल्यावर मूळ संपूर्ण वाक्य लावलं, तर ते साधं बोलणं म्हणून सुरू होतं, त्या तुकड्यापाशी आलं की एकदम गाऊ लागतं आणि नंतर पुन्हा बोलण्यावर येतं. एकदा ऐकलेली ती चाल मग कानातून जात नाही.

पुढे एलिझाबेथ मार्गुलिस या संशोधिकेने याच धाग्यावर बरंच काम केलं. लुचानो बेरिओ आणि एलियट कार्टर या विसाव्या शतकातल्या अवघड समजल्या जाणाऱ्या रचनाकारांच्या कृती तिने घेतल्या आणि संगणकावर त्यांतले काही तुकडे पुन्हा पुन्हा येतील असे जोडले. या रचनाकारांनी पुनरावृत्ती जाणूनबुजून टाळलेली. ऐकणाऱ्यांना ही छेडछाड केलेली आवृत्ती जास्त आवडली. इतकंच काय, ती माणसाने रचलेली असावी असं त्यांना अधिक वाटलं. २०१८मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्याने आसपासच्या साध्या आवाजांवर हाच प्रयोग केला. तेही पुनरावृत्तीने संगीतासारखे भासू लागले. म्हणजे शेफरला तबकडीवर जे जाणवलं होतं, त्याला प्रयोगशाळेचा दुजोरा मिळायला सत्तर वर्षं लागली. वारीत एकाच नामाचा गजर तासन् तास ऐकलेल्या माणसाला मात्र यात फारसं आश्चर्य वाटणार नाही.

तबकडीनंतर आली चुंबकीय टेप. जर्मनीत ती १९३०च्या दशकातच तयार झाली होती. महायुद्ध संपल्यावर ती जगभर पोचली. टेपने आवाजाला लांबी दिली. व्यावसायिक यंत्रावर सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर टेप धावते, म्हणजे एक सेकंदाचा आवाज टेबलावर ठेवून पट्टीने मोजता येतो. तो ब्लेडने कापता येतो, उलटा लावता येतो, आणि त्याची दोन टोकं चिकटवून त्याचं कडं करता येतं.

६ एप्रिल १९६६ला लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्स 'टुमॉरो नेव्हर नोज' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला बसले. 'रिव्हॉल्व्हर' या अल्बममधलं हे शेवटचं गाणं, पण काम सुरू झालं ते त्यापासून. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक अवघ्या वीस वर्षांचा होता. जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. एमरिकने ऑर्गनच्या पेटीतला गरगर फिरणारा स्पीकर, ज्याला लेस्ली म्हणतात, त्यातून लेननचा आवाज काढला. स्पीकर फिरतो तसा आवाज जवळ येतो, दूर जातो आणि त्याचा स्वरही क्षणोक्षणी किंचित हलतो. रिंगो स्टारच्या मोठ्या ढोलात लोकरीचा स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन तेव्हाच्या नियमांना धाब्यावर बसवून अगदी जवळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी आली कडी. पॉल मॅकार्टनीने घरच्या टेपयंत्राचं आधीचं मुद्रण पुसणारं टोक काढून ठेवलं होतं, त्यामुळे कड्याच्या प्रत्येक फेऱ्यात जुन्यावर नवा आवाज चढत जायचा आणि टेप गच्च भरायची. गाण्यात समुद्रपक्ष्याच्या चीत्कारासारखं जे काही ऐकू येतं, ते वेग वाढवलेलं मॅकार्टनीचं हसू आहे. अशी पाच कडी वापरायची ठरलं. एका खोलीत इतकी यंत्रं नव्हती, म्हणून इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांतल्या यंत्रांवर ती चढवली गेली आणि तंत्रज्ञ पेन्सिली धरून उभे राहिले. पेन्सिलीभोवती टेप ताणलेली राहायची. सगळे आवाज तारांनी एका खोलीत आले आणि तिथे मिश्रणाच्या टेबलावर ते वरखाली केले गेले. कुठलं कडं त्या क्षणी कुठल्या बिंदूवर असेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ते मिश्रण पुन्हा जसंच्या तसं करणं कुणालाच शक्य नाही. तीन मिनिटांचं गाणं, जवळपास एकाच स्वरसंघावर उभं, आणि साठ वर्षं होत आली तरी त्याचं तेज उणावलेलं नाही.

या गाण्याच्या तळाशी तंबोरा आहे, आणि इथे मराठी वाचकाचा कान जगातल्या पुष्कळ श्रोत्यांच्या पुढे असतो. तंबोऱ्याची घोडी सपाट, किंचित उतरती असते. तार तिच्यावर घासत थरथरते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला की जवारी खुलते. मग एका तारेतून एकामागून एक उपस्वर फुलत जातात. तार नेमकी मधोमध छेडली तर तिच्या सम क्रमांकाच्या उपस्वरांनी गप्प राहायला हवं, असं तारांच्या कंपनाचा नियम सांगतो. तंबोऱ्यात ते खुशाल उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आणि घोडीच्या त्या घासण्यात कारण दाखवलं. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो कुणी छेडलेला नसतो. जो विद्यार्थी तंबोऱ्यासमोर बसून त्या गंधाराची वाट पाहायला शिकला, त्याला प्रायोगिक संगीतातलं सर्वांत अवघड कौशल्य आधीच आलेलं आहे: वरवर काहीच घडत नसलेल्या आवाजात काय घडतंय ते ऐकणं.

हा दुवा मी ओढूनताणून आणलेला नाही. १९५५ साली अमेरिकेत निघालेल्या अली अकबर खाँच्या दीर्घ तबकडीतल्या तंबोऱ्याने ला माँट यंग या तरुण रचनाकाराला झपाटलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो तासन् तास धरून ठेवलेल्या मोजक्या स्वरांचं संगीत करू लागला. त्याच्या मंडळीत व्हायोला वाजवणारा जॉन केल नंतर 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक चमूत गेला आणि तो अखंड स्वर १९६७च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये घेऊन आला. यंग आणि टेरी रायली यांनी १९७०पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांची तालीम घेतली. किराणा म्हटलं की आपल्याला मिरज आठवते: अब्दुल करीम खाँचं मिरज, तंबोरे घडवणाऱ्या सतारमेकरांचं मिरज. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ याच घराण्याचा दुसरा मोठा खांब होते. रायलीची फेऱ्यात फिरणारी ऑर्गनची लहर ऐकून 'द हू' या ब्रिटिश चमूच्या पीट टाउनसेंडने १९७१ साली 'बाबा ओ'रायली' हे गाणं केलं. त्यातले रायली म्हणजे हेच टेरी रायली, आणि बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले, अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला समाधिस्थ असलेले मेहेरबाबा. स्टेडियमभर गर्दीने गायलेल्या त्या गाण्याच्या मुळाशी किराणा घराण्याचा एक शिष्य आणि महाराष्ट्रातला एक मौनी सत्पुरुष आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

सायकेडेलिक म्हटलं की एलएसडीचा विषय निघतोच. तो खोटा नाही; १९६६-६७चे अनेक संगीतकार ते घेत होते आणि त्यातल्या काहींचं आयुष्य त्याने उद्ध्वस्त केलं. पिंक फ्लॉइडचा पहिला नायक सिड बॅरेट १९६८मध्ये चमूतून बाहेर पडला तो कायमचाच विस्कटलेला. पण मला ठामपणे वाटतं की या अल्बमांमधली जादू टेपमध्ये, स्पीकरमध्ये आणि कानामागच्या मेंदूत आहे. ती अनुभवायला शुद्धीवर असलेला श्रोता पुरतो, किंबहुना तोच लागतो.

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा १९७३चा अल्बम लाखो घरांत पोचला, म्हणून त्याला कुणी प्रायोगिक म्हणत नाही. मला तो तसाच वाटतो. 'मनी' या गाण्याच्या सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा ठेका म्हणजे टेपचं कडं आहे. चमूतल्या रॉजर वॉटर्सने पत्नीच्या कुंभारकामाच्या मोठ्या भांड्यात नाणी फेकून आवाज मिळवला. सात आवाजांचे तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले, चिकटवले आणि ते लांब कडं मायक्रोफोनच्या स्टँडभोवती फिरवलं. सात मात्रांचा तो फेरा आपल्याला रूपकाची आठवण करून देतो. पाश्चात्त्य रॉकच्या चार मात्रांच्या सवयीत वाढलेल्यांना तो अडखळवतो, आपले लोक त्यावर सहज मान डोलावतात.

जर्मनीत याच सुमारास 'कॅन' या चमूचा होल्गर चुकाय, जो रचनाकार कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेनकडे शिकला होता, तासन् तास चाललेलं वादन ध्वनिमुद्रित करून नंतर कात्रीने त्यातून गाणी काढत होता. १९७१चा 'टॅगो मॅगो' ऐकाच, विशेषतः याकी लीबेत्साइटचे ड्रम. मुक्त जॅझ सोडून हा माणूस एकाच ठेक्याच्या फेऱ्याकडे वळला आणि त्यातच त्याला आयुष्यभर पुरेल एवढं सापडलं.

आता कारखान्याकडे वळू. 'द डार्क साइड'चं प्रिझमचं मुखपृष्ठ हिप्नोसिस या संस्थेने केलं. तिथेच पुढे काम करणारा पीटर क्रिस्टोफरसन १९७५मध्ये तिघांबरोबर 'थ्रॉबिंग ग्रिसल' काढून बसला: जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टूटी आणि ख्रिस कार्टर. लंडनच्या हॅकनी भागातल्या एका कारखान्याच्या तळघरात त्यांचं काम चालायचं. रूढ अर्थाने वाद्य येणारं कुणी नव्हतं, आणि ते यायला हवं असं त्यांना वाटतही नव्हतं. कार्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकांतले आराखडे पाहून स्वतः यंत्रं जोडायचा. क्रिस्टोफरसनने कॅसेटयंत्रांची जुळणी करून ती कळफलकाने चालवली. एक कळ दाबली की एक कॅसेट बोलायची. संगणकाने आवाज साठवून वाजवण्याचं तंत्र सर्वांच्या आवाक्यात यायला तेव्हा अवकाश होता. १९७६मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही त्यांची कंपनी निघाली आणि एका संगीतप्रकाराला नाव मिळालं. त्याच वर्षी एका ब्रिटिश खासदाराने त्यांना संस्कृतीचे विध्वंसक ठरवलं.

या लोकांबद्दल एक गोष्ट मी दडवणार नाही. कंपनीच्या चिन्हासाठी त्यांनी आउश्वित्सचं छायाचित्र वापरलं. समाज ज्यापासून तोंड फिरवतो ते त्याच्यासमोर धरायचं, असं समर्थन या वर्तुळात नेहमी दिलं जातं. मला ते पटत नाही. लाखो माणसांच्या मरणाची जागा हे कुठल्याही कंपनीचं चिन्ह होऊ शकत नाही, आणि पुढच्या काळात इंडस्ट्रियल संगीताच्या काही कोपऱ्यांत फॅसिस्ट प्रतिमांशी जी सलगी वाढली तिची सुरुवात अशाच बेफिकिरीत आहे. संगीत ऐकताना ही चीड बाजूला ठेवावी असंही मी म्हणणार नाही. ती सोबत असू द्यावी.

त्यांचा १९७९चा 'ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स' हाती घ्या. मुखपृष्ठावर हिरव्यागार कड्यावर चौघं हसऱ्या चेहऱ्यांनी उभे. नाव एखाद्या स्वस्त संकलनाचं. ती जागा आहे बीची हेड, आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला इंग्लंडचा कडा. आत ना जॅझ आहे, ना फंक. आहेत ती गुरगुरणारी यंत्रं, भिंतीपलीकडून यावा तसा कोझीचा कॉर्नेट आणि मध्येच 'हॉट ऑन द हील्स ऑफ लव्ह'सारखं कुजबुजतं, चकाकतं, थेट नाचायला लावणारं गाणं. पुढच्या काळातल्या टेक्नोवाल्यांनी यातून किती उचललं हे ऐकताक्षणी कळतं.

माझा जीव मात्र अडकलेला आहे बर्लिनमध्ये. पश्चिम बर्लिनच्या एका क्लबात १ एप्रिल १९८०ला 'आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन' या चमूचे लोक पहिल्यांदा वाजले. त्यांच्यातल्या एन. यू. उनरूने पैशांच्या अडचणीपायी आपला ड्रमसेट विकला होता, म्हणून त्याने भंगारातलं लोखंड आणलं. पत्रे, नळ, स्प्रिंगा, खरेदीची ढकलगाडी, पुढे ड्रिल. त्याच वर्षी जूनमध्ये ते महामार्गाच्या एका पुलाच्या पोटातल्या पोलादी पोकळीत शिरले आणि तिथेच ध्वनिमुद्रण केलं. जानेवारी १९८४मध्ये लंडनच्या समकालीन कला संस्थेत त्यांच्यापैकी काहींनी सिमेंट मिक्सर आणि ड्रिल आणून रंगमंचच पोखरायला घेतला. व्यवस्थापनाने कार्यक्रम आवरता घेतला.

हे सगळं धिंगाणा वाटू शकतं. पण लोखंडाच्या पत्र्यावर घाव पडतो तेव्हा काय होतं बघा. ताणलेल्या तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ हिशेबात असतात, म्हणून मेंदू त्यांना एकत्र बांधून एक स्वर ऐकतो. पत्र्याच्या, नळाच्या, स्प्रिंगेच्या कंपनांना असा हिशेब नसतो. त्यांच्या उपस्वरांची गुणोत्तरं वेडीवाकडी; मेंदूला षड्ज कुठे ठेवावा कळत नाही. एकदा ऐकलं तर तो नुसता दणका. तोच दणका बारा वेळा, चोवीस वेळा फेऱ्यात आला की कान त्यातला एक धागा पकडतो, त्यालाच षड्ज मानतो आणि उरलेले स्वर त्याभोवती मांडू लागतो. दुसरा श्रोता कदाचित वेगळा धागा धरेल. तंबोरा आणि पत्रा ही मला एकाच रस्त्याची दोन टोकं वाटतात. तंबोऱ्यात उपस्वर आधीच मेळात असतात. पत्र्यात तो मेळ ऐकणाऱ्याला बसवावा लागतो.

नॉयबाउटेनचा १९८१चा 'कोलाप्स' कानाला खरचटतो. १९८५च्या 'हाल्बर मेन्श'मध्ये मात्र ते किती पुढे गेले होते! शीर्षकगीतात लोखंडाचा स्पर्शही नाही, नुसते मानवी आवाज एकमेकांवर चढतात आणि तेच यंत्रासारखे चालू लागतात. २०००च्या 'सायलेन्स इज सेक्सी'त तर गाण्याच्या मधोमध दीर्घ शांतता येते. ड्रिलपासून शांततेपर्यंत वीस वर्षांत आलेले हे लोक सुरुवातीपासून आवाज नीट ऐकतच होते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'मधून आलेल्या लू रीडच्या १९७५च्या 'मेटल मशीन म्युझिक'बद्दल चटकन सांगतो. रीडने गिटारी ॲम्प्लिफायरसमोर टेकवून ठेवल्या. तार हलते, ॲम्प्लिफायर तो आवाज मोठा करतो, स्पीकरने हवा हादरते, ती हवा पुन्हा तार हलवते. हाही एक फेराच, फक्त टेपऐवजी हवेतून जाणारा. चार बाजूंचा दुहेरी अल्बम, तासाभरावर चालणारी ही घोंघावणारी भिंत. गिऱ्हाइकांनी रेकॉर्डी परत आणल्या. चौथ्या बाजूची शेवटची खाच शेफरसारखी मिटवलेली आहे. सुई उचलली नाही तर १.८ सेकंदांचा तो तुकडा अनंतकाळ वाजत राहील. २००२मध्ये बर्लिनला त्साइटक्रात्सर या चमूने हे सगळं स्वरलिपीत उतरवून पारंपरिक वाद्यांवर वाजवलं, तेव्हा लोकांना त्या भिंतीत किती नक्षी होती ते दिसलं. मला हा अल्बम पूर्ण ऐकवतो असं नाही, पण त्याच्या कुठल्याही दहा मिनिटांत कान लावला की नक्षी सापडते.

फेऱ्याची सर्वांत हृदयस्पर्शी कहाणी रचनाकार विल्यम बॅसिन्स्कीच्या 'द डिसइंटिग्रेशन लूप्स'ची आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओवरच्या संथ वाद्यसंगीताचे तुकडे घेऊन त्याने टेपची कडी केली होती. २००१च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमध्ये ती संगणकात उतरवायला बसला, तेव्हा जुनाट टेपवरचा लोहभस्माचा थर यंत्रावरून जाताना झडू लागला. आवाज ज्या भुकटीत असतो तीच गळत होती. त्याने यंत्र थांबवलं नाही. तासाभरात धून फेऱ्याफेऱ्याने विरत जाते: आधी एखादा स्वर अडखळतो, मग भोकं पडतात, शेवटी नुसते अवशेष. हे काम झालं न झालं तोच ११ सप्टेंबर उजाडला. आपल्या छतावरून मॅनहॅटनवरचा धूर बघताना बॅसिन्स्की आणि त्याचे मित्र हेच ऐकत होते, आणि पुढे हे संगीत त्या दिवसाच्या मृतांना अर्पण झालं. दहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात वाद्यवृंदाने ते वाजवलं. एका टेपचं झिजणं माणसांनी कागदावर लिहून, जिवंत वाद्यांवर पुन्हा घडवलं!

या सगळ्या रस्त्यांपैकी दोन रस्ते गोव्यात येऊन मिळाले. १९८०च्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पी काळातला सायकेडेलिक रॉक मागे पडून रात्रभराच्या नाचासाठी युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजू लागलं. त्यात शेफील्डचे 'कॅबरे व्होल्तेर', बेल्जियमचे 'फ्रंट २४२' असे इंडस्ट्रियल वळणाचे लोक होते. गोव्याच्या उन्हात तबकड्या वाकायच्या, म्हणून सगळं कॅसेटवर. डीजे लोक गाण्यातले शब्द काढून टाकायचे आणि फक्त वाद्यांचे, फिरत राहणारे तुकडे जोडून लांबवायचे. पहाटेपर्यंत नाचणाऱ्याला शब्दांचा व्यत्यय नको. युरोपातल्या कारखान्यांतला खडखडाट सायकेडेलिक मनाच्या लोकांनी नारळीखाली फेऱ्यात घातला आणि त्यातून १९९०च्या दशकात गोवा ट्रान्स नावाचा प्रकार जगभर गेला. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला डीजे गोवा गिल २०२३मध्ये वारला, तोवर इस्राएलपासून ब्राझीलपर्यंत त्याचे वारस तयार झाले होते. रात्रभर झोप उडालेल्या गावकऱ्यांची त्याबद्दलची तक्रारही तितकीच खरी आहे. फेऱ्यात शिरायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे.

ऐकायचं असेल तर काय करावं? फोनच्या स्पीकरवर यातलं काहीही लावू नका; खालचे स्वर तिथे पोचतच नाहीत आणि हे संगीत बरंचसं तिथेच राहतं. बरे हेडफोन पुरेत. आवाज मोठा लागतो हा गैरसमज आहे. घरात कुणाशी बोलता येईल इतक्याच पातळीवर ठेवा, कानही शाबूत राहतील. अल्बम मधून कुठून तरी लावू नका, आणि 'आवडलं का' हा प्रश्न पहिली दहा मिनिटं स्वतःला विचारू नका. कंटाळा येईल. तो आला की थोडं थांबा, कारण ऐकणं पालटतं ते बहुधा कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावर. तरीही नाहीच जमलं तर बंद करा. पुढच्या वर्षी कान वेगळा असेल.

क्रम विचाराल तर माझा असा: आधी 'टुमॉरो नेव्हर नोज', मग 'टॅगो मॅगो', मग 'द डिसइंटिग्रेशन लूप्स'चा पहिला भाग पूर्ण, आणि त्यानंतर 'हाल्बर मेन्श'. 'कोलाप्स'ने सुरुवात करू नका. आणि घरात तंबोरा असेल तर या सगळ्याच्या आधी तो जुळवून पंधरा मिनिटं नुसता ऐका.